आयबीडी आणि रक्ताचे रिपोर्ट: कोकणातल्या पेशंटचे आणि घरच्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सिंधुदुर्गातल्या एका छोट्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे. रक्त काढायचं, मशीनला लावायचं, रिपोर्ट हातात द्यायचा हे काम गेली १२ वर्षं करतेय, आणि माझ्या धाकट्या भावाला क्रोन्स आहे (आयबीडी म्हणजे इन्फ्लेमेटरी बॉवेल डिसीज, आतड्याला सूज येणारे दीर्घ आजार, त्यातलाच हा एक), त्यामुळे रिपोर्ट देणारी पण मीच आणि घरी रात्री तोच रिपोर्ट उलटापालटा करून बघणारी पण मीच. काउंटरवर लोक जे विचारतात, फोन करून विचारतात, बाजारात भेटल्यावर विचारतात ते सगळं इथे एकत्र लिहिलंय. मी डॉक्टर नाही. औषध चालू, बंद, कमी-जास्त हे तुमच्या डॉक्टरांनीच करायचं, पण रिपोर्टवरचा आकडा वाचता यायलाच हवा असं मला मनापासून वाटतं.

आयबीडी म्हणजे आयबीएसच ना?

नाही. आयबीएसमध्ये, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोममध्ये, पोट त्रास देतं पण दुर्बिणीतून आतडं चांगलं दिसतं. आयबीडीमध्ये आतड्याला खरोखर सूज असते, जखमा असतात. क्रोन्स तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो, लहान आतड्याचा शेवटचा भाग त्याचा आवडता. अल्सरेटिव्ह कोलायटिस फक्त मोठ्या आतड्यात, गुदाशयापासून सुरू होऊन वर जातो. संडासवाटे रक्त पडणं, वजन उतरणं, रात्री झोपेतून उठून जावं लागणं हे आयबीएसच्या खात्यात टाकू नका.

नुसत्या रक्ताच्या टेस्टवरून आयबीडी आहे की नाही कळतं का?

कळत नाही. अशी एकही रक्ताची टेस्ट नाही की जी पॉझिटिव्ह आली म्हणजे आयबीडी. निदान होतं ते कॉलोनोस्कोपी, बायोप्सी, गरज पडली तर सीटी किंवा एमआरआय, आणि तुमची हकीकत हे सगळं एकत्र मांडून. रक्ताचं काम दोन ठिकाणी, आधी शंका घ्यायला आणि नंतर निदान झाल्यावर वर्षानुवर्षं नजर ठेवायला. माझ्या मते दुसरं काम जास्त मोलाचं आहे आणि तेच आपल्याकडे सगळ्यात कमी नीट होतं, कारण लोक रिपोर्ट बघतात, नॉर्मल का बाहेर एवढं विचारतात आणि कागद देवाच्या फोटोमागे सरकवून ठेवतात.

सीआरपी सीआरपी करतात ते नेमकं काय आहे?

सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन. हे आतड्यात बनतच नाही, लिव्हरमध्ये बनतं. शरीरात कुठेही सूज आली की तिथून आयएल-६ सारखी रसायनं रक्तात सुटतात, ती लिव्हरपर्यंत पोचली की लिव्हर सीआरपी बनवायला घेतं. म्हणजे उन्हाळ्यात लांबून धूर दिसावा तसं हे आहे, कुठेतरी भाजावळ चाललीय एवढं कळतं, कोणाच्या मळ्यात ते धुरावरून कळत नाही. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये टिलेट आणि फ्रान्सिस यांना हे सापडलं तेही न्यूमोनियाच्या पेशंटच्या रक्तात, आतड्याशी त्याचा तेव्हा काही संबंध नव्हता.

त्याचा मोठा फायदा म्हणजे ते पटकन हलतं. सूज सुरू झाल्यावर साधारण ६ ते ८ तासांत वाढायला लागतं, दोनेक दिवसांत वरच्या टोकाला जातं, आणि सूज थांबली की दर १९ तासांनी निम्मं होत जातं, म्हणून नवीन औषध लागू पडतंय का ते थोड्या दिवसांत दिसू शकतं. बऱ्याच लॅब ५ मिलिग्रॅम पर लिटरच्या खाली नॉर्मल धरतात. पण जाडेपणा, सिगरेट, हिरड्यांतला पू, गर्भनिरोधक गोळ्या यांनीही ते थोडं वर राहू शकतं, त्यामुळे ७ आलं म्हणून रात्रभर जागू नका.

फुल बॉडी चेकअपच्या पॅकेजमध्ये जे एचएस-सीआरपी असतं ते पण हेच प्रोटीन, फक्त अगदी कमी पातळीवर मोजलेलं, हृदयाच्या धोक्यासाठी. आयबीडीसाठी साधं सीआरपी पुरतं.

रक्त पडतंय, आव पडतेय, पण सीआरपी नॉर्मल. डॉक्टर म्हणाले टेन्शनमुळे आहे. खरं का?

टेन्शनने आतड्यातून रक्त पडत नाही. हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे म्हणून जरा सविस्तर सांगते. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये सूज फक्त आतल्या अस्तराला असते, क्रोन्समध्ये आतड्याच्या सगळ्या थरांतून आरपार जाते, म्हणून क्रोन्समध्ये सीआरपी जास्त उसळतं आणि कोलायटिसमध्ये, खासकरून आजार नुसत्या गुदाशयापुरता असेल तर, रोज रक्त पडत असूनही सीआरपी ३ येऊ शकतं. शिवाय काही माणसांच्या जीन्समुळेच त्यांचं लिव्हर सीआरपी कमी बनवतं. त्यांच्या क्रोन्समध्ये सुद्धा ते हलत नाही.

आमच्याकडे एक काकू यायच्या, ८ महिने त्यांचं सीआरपी नॉर्मल आणि ८ महिने त्यांना सांगितलं जायचं की काही नाही हो, मूळव्याध असेल, तिखट बंद करा. शेवटी कॉलोनोस्कोपी झाली तेव्हा गुदाशय लालबुंद निघाला. ते नॉर्मल रिपोर्ट माझ्याच हातून गेले होते, आकडे बरोबरच होते, पण त्यांचा अर्थ चुकीचा लावला गेला, हे मला अजून खुपतं.

म्हणून आयबीडी असलेल्या प्रत्येकाला मी एकच गोष्ट परत परत सांगते. आजार जोरात असताना तुमचं सीआरपी किती होतं आणि पोट शांत असताना किती असतं हे दोन आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. जोरात असताना ६० आणि शांत असताना २, तर तुमच्यासाठी सीआरपी कामाचं. दोन्ही वेळा ३, तर ही टेस्ट तुमच्या आजारात मुकी आहे, तिच्यावर विसंबू नका आणि डॉक्टरांनाही ते सांगा, कारण डॉक्टर बदलतात, गाव बदलतं, वही तुमच्याजवळ राहते.

आधी ४.२ होतं, आता ३८ आलंय! एवढं कसं वाढलं?

आधी युनिट बघा. हे आमच्याच घरात घडलंय. भावाचं पहिलं सीआरपी एका शहरातल्या लॅबमध्ये केलं, ४.२. तीन आठवड्यांनी गावाकडे केलं, ३८. आईने तिथेच बाकड्यावर बसकण मारली, "नऊपट वाढला गो, आता काय करुचा?" मी दोन्ही कागद शेजारी धरले तर पहिल्यावर मिलिग्रॅम पर डेसीलिटर होतं आणि दुसऱ्यावर मिलिग्रॅम पर लिटर. डेसीलिटरच्या आकड्याला १० ने गुणायचं, म्हणजे ४.२ चे झाले ४२. ४२ वरून ३८, म्हणजे थोडं कमीच झालेलं. तेव्हापासून वहीत आकड्यापुढे युनिट लिहिल्याशिवाय मी पेन खाली ठेवत नाही. आणि जमेल तेवढं एकाच लॅबमध्ये करा, मशीन बदललं की बारीकसारीक फरक पडतोच.

मग ईएसआर कशाला करतात?

सवय आणि स्वस्ताई ही दोन कारणं आहेतच, पण थोडा उपयोगही आहे. उभ्या नळीत लाल पेशी तासाभरात किती मिलिमीटर खाली बसतात ते मोजतात, वेस्टरग्रेनची पद्धत १९२१ पासूनची. ईएसआर हळू चढतं आणि हळू उतरतं, आठवडे लागतात, आणि ॲनिमिया, वय, गरोदरपण यांनी आपोआप वाढतं. आयबीडीच्या पेशंटला ॲनिमिया असतोच बऱ्याचदा, मग सूज किती आणि ॲनिमिया किती हे वेगळं कसं करणार. दोन्ही परवडत नसतील तर मी सीआरपीच्या बाजूने आहे.

एक आमच्या धंद्यातली गोष्ट सांगते. ईएसआरचं रक्त साध्या हवेत साधारण ४ तासांच्या आत लावायला हवं. वाडीवरच्या कलेक्शन सेंटरला सकाळी ८ ला दिलेलं रक्त संध्याकाळच्या गाडीने पुढे जाणार असेल तर त्या ईएसआरवर फार भरवसा ठेवू नका. सीआरपीचा सीरम मात्र वेगळा करून थंड ठेवला तर प्रवास नीट सहन करतो.

दर पावसाळ्यात सीआरपी वाढतं. पावसाळ्यात आयबीडी वाढतो का?

कोकणात हा प्रश्न विचारायलाच हवा. जून ते सप्टेंबर वाढलेलं प्रत्येक सीआरपी आतड्यातून आलेलं नसतं. लावणीच्या चिखलात दिवस दिवस उभं राहणं, पायाला भेगा, शेतात उंदीर, त्यामुळे लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) आपल्याकडे दरवर्षीचा, आणि लेप्टोत सीआरपी भरपूर वाढतं. दुसरं म्हणजे पहिल्या पावसात विहिरीचं पाणी गढूळ होतं, मग जुलाब, आणि जंतूंच्या जुलाबानेही सीआरपी वाढतं, अगदी रक्तसुद्धा पडतं. म्हणून फ्लेअर, म्हणजे आजार परत उसळलाय असं वाटलं, तरी डॉक्टर आधी संडासची तपासणी, कल्चर, क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जंतूचं टॉक्सिन बघायला सांगतात. हे टाळू नका, जंतू आत असताना स्टेरॉइड वाढवलं तर उलटं पडू शकतं.

ताप आहे, पोटऱ्या दुखतायत, डोळे लाल आहेत, तर हे पोटाचं समजून घरी बसू नका. सीबीसीत, म्हणजे रक्तातल्या पेशींच्या मोजणीत, एक खूण मिळते. आयबीडीच्या फ्लेअरमध्ये प्लेटलेट बहुतेक वाढतात, साडेचार लाखांच्या वर पण जातात, आणि लेप्टोत, डेंग्यूत त्या घसरतात. सीआरपी चढलेलं आणि प्लेटलेट ८० हजार, हे दृश्य मला दिसलं की मी रिपोर्ट टेबलावर ठेवून थांबत नाही, डॉक्टरांना फोन करते. लेप्टोत क्रिएटिनिन आणि बिलिरुबिनही वाढू शकतं. प्रतिकारशक्ती दाबणारं ॲझाथायोप्रिन, स्टेरॉइड किंवा बायोलॉजिक (इन्फ्लिक्सिमॅबसारखं इंजेक्शन) चालू असेल तर जंतू लवकर पसरतात म्हणून तापाला दुसरा दिवस उजाडू देऊ नका. लावणीच्या दिवसांत आरोग्य खात्याकडून डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या वाटतात, त्या तुम्ही घ्यायच्या का ते तुमची बाकी औषधं दाखवून डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.

आणि अंगदुखीच्या गोळ्या. दिवसभर वाकून लावणी केली की कंबर धरते, मग दुकानातून डायक्लोफिनॅक नाहीतर आयबुप्रोफेन आणून घेतात. या गोळ्या आतड्याचं अस्तर दुखावतात आणि काही जणांत फ्लेअर पेटवतात, कॅलप्रोटेक्टिनही (आतड्याची सूज दाखवणारी संडासची टेस्ट, पुढे सांगितलीय) वाढवतात. पॅरासिटामॉल विचारून घ्या.

हिमोग्लोबिन ९ आहे पण फेरिटिन ७० आलंय, म्हणजे लोह पुरेसं आहे ना?

नाही, आणि इथे खूप जण फसतात, लॅबवाले पण. फेरिटिन म्हणजे शरीरात साठवलेल्या लोहाचा अंदाज, पण सूज असली की फेरिटिन आपोआप वर जातं, सीआरपीसारखंच. म्हणून सूज नसताना ३० च्या खाली फेरिटिन म्हणजे लोह कमी, पण सूज चालू असताना १०० पर्यंतसुद्धा लोहाची कमतरता असू शकते असं युरोपातल्या आयबीडी तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. छापील नॉर्मल रेंजमध्ये ७० बसतं म्हणून रिपोर्टला लाल खूण येत नाही. त्याच्या सोबत ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन करून घ्या, ते २० टक्क्यांच्या खाली असेल तर लोह खरंच कमी पोचतंय.

असं का होतं? सूज आली की लिव्हर हेप्सिडिन नावाचं हार्मोन सोडतं, ते आतड्यातून लोह शोषायचं दार लावून घेतं आणि साठ्यातलं लोहही अडवतं. त्यामुळे घरात नाचण्याची भाकरी, खजूर, लोखंडी कढई सगळं चालू असतं आणि हिमोग्लोबिन जागचं हलत नाही. त्यात घरच्यांचा काही दोष नाही, हे आयांना आवर्जून सांगायचंय कारण त्या स्वतःला बोल लावतात. आजार जोरात असताना किंवा हिमोग्लोबिन १० च्या खाली असताना गोळ्यांपेक्षा शिरेतून लोह देणं बरं पडतं, गोळ्यांनी पोटही बिघडतं आणि संडास काळी होते मग रक्त की गोळी हा वेगळा घोळ. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने बायकांत १२ च्या खाली आणि पुरुषांत १३ च्या खाली ॲनिमिया. "बायकांचा ९-१० असताच" हे वाक्य आपण आता सोडून देऊया.

आम्ही रोज मासे खातो, तरी बी१२ कमी कसं?

बी१२ शोषलं जातं लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या भागात, आणि क्रोन्स नेमका तिथेच बसतो. बांगडा, तारली, तिसऱ्या कितीही खा, ताटातलं बी१२ रक्तात जायला तो भाग चांगला हवा. तो भाग ऑपरेशनमध्ये काढला असेल तर इंजेक्शनं कायमची लागू शकतात. भावाचं असंच आहे, त्याला हाताला मुंग्या यायला लागल्या तेव्हा आम्ही म्हणालो मोबाईल जास्त धरतो. वर्षातून एकदा तरी बी१२ करा. व्हिटॅमिन डीचं पण तेच, समुद्रकिनारी ऊन आहे म्हणून डी असेलच असं नाही.

अल्ब्युमिन कमी आलंय, प्रोटीन पावडर देऊ का?

अल्ब्युमिन कमी होण्याचं कारण बहुतेक वेळा ताट नसतं. सूज असताना लिव्हर ते कमी बनवतं आणि जखमी आतड्यातून ते गळतं. त्याचं अर्धं आयुष्य साधारण २० दिवस, म्हणजे ते हळू पडतं आणि हळू भरतं. कमी अल्ब्युमिन म्हणजे आजार बरेच दिवस जोरात आहे अशी खूण समजतात, आणि इन्फ्लिक्सिमॅबसारखी औषधं अशा पेशंटच्या शरीरातून लवकर निघून जातात. पावडर डॉक्टर, आहारतज्ज्ञ सांगतील तर द्या, पण ती दिली म्हणून सुजेचा इलाज लांबवू नका.

टीबी का क्रोन्स, हे रक्तावरून कळेल का?

आपल्या देशातल्या आयबीडीची सगळ्यात अवघड गाठ हीच. आतड्याचा टीबी आणि क्रोन्स एकाच जागी बसतात, दोन्हीत वजन उतरतं, ताप येतो, दुर्बिणीतून पण सारखेच दिसू शकतात. सीआरपी दोन्हीत वाढतं, ईएसआर दोन्हीत वाढतं. लोक आस्का आणि पी-आन्का या अँटिबॉडीच्या टेस्ट करून येतात. आस्का क्रोन्सकडे झुकतं, पी-आन्का कोलायटिसकडे, हे परदेशातल्या पुस्तकात ठीक आहे जिथे टीबी जवळजवळ नाही. भारतातल्या अभ्यासांत आस्का टीबीच्या पेशंटमध्येही पॉझिटिव्ह निघालंय, म्हणून टीबी का क्रोन्स हे ठरवायला ते उपयोगाचं नाही. तुमच्याकडे पैसे मोजके असतील तर ते बायोप्सीच्या तपासणीवर घाला असं मी म्हणेन.

क्वांटिफेरॉन म्हणजे इग्रा ही टीबीची रक्ताची टेस्ट पॉझिटिव्ह आली तर त्याचा अर्थ टीबीचे जंतू कधीतरी शरीरात आले होते. आपल्याकडे धडधाकट माणसांतही बऱ्याच जणांचं पॉझिटिव्ह येतं, त्यावरून आतड्याचा टीबी सिद्ध होत नाही. बायोप्सीवर जीनएक्सपर्ट (टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणारी टेस्ट) पॉझिटिव्ह आलं तर टीबी पक्का धरतात, पण निगेटिव्ह आलं म्हणून टीबी नाहीच असं म्हणता येत नाही, कारण आतड्याच्या तुकड्यात जंतू फार थोडे असतात.

मग बऱ्याच वेळा डॉक्टर टीबीची औषधं चालू करून बघतात. भावालाही दिली होती. इथे जी चूक होते ती अशी की औषधांनी बरं वाटायला लागतं, भूक लागते, आणि घरचे म्हणतात टीबीच होता. पण क्रोन्सच्या पेशंटलाही त्या औषधांनी सुरुवातीला थोडं बरं वाटू शकतं. खरं बघायचं ते दोनेक महिन्यांनी, आतल्या जखमा भरल्या का आणि सीआरपी उतरलं का. टीबी असेल तर जखमा भरायला लागतात. भावाचं वजन २ किलो वाढलं होतं पण सीआरपी ३० च्या खाली येत नव्हतं, म्हणून डॉक्टरांनी परत दुर्बीण घातली, जखमा तशाच. सीआरपी तेव्हा सुरुवातीला, एका महिन्याने आणि दोन महिन्यांनी असं तीनदा केलेलं होतं म्हणून हे वेळेत दिसलं, नाहीतर नऊ महिने गेले असते आणि आतडं आकसलं असतं.

कॅलप्रोटेक्टिन रक्ताची टेस्ट आहे का?

नाही, संडासची आहे, पण तिच्याशिवाय हे पान अर्धवट राहील. पांढऱ्या पेशी आतड्यात घुसल्या की हे प्रोटीन संडासमध्ये उतरतं, म्हणजे धूर लांबून बघायच्या ऐवजी थेट मळ्यात जाऊन बघणं. ५० मायक्रोग्रॅम पर ग्रॅमच्या खाली असेल तर आतड्याला सूज असण्याची शक्यता कमी, २५० च्या वर असेल तर आजार चालू असण्याची शक्यता बरीच. मधल्या आकड्यांना परत करून बघावं लागतं. जंतूंच्या जुलाबाने आणि वर सांगितलेल्या दुखण्याच्या गोळ्यांनीही वाढतं हे विसरू नका.

महाग आहे आणि सॅम्पल बहुतेक मुंबईला नाहीतर मोठ्या शहरात जातं. सकाळची पहिली संडास घ्या, घट्ट झाकणाच्या डबीत, तेल-पाणी-लघवी मिसळू न देता. लाजू नका. आम्ही रोज हे काम करतो, आम्हाला त्याचं काही वाटत नाही, आणि लाजेपायी ही टेस्ट न करता परत गेलेली पोरं मी पाहिलीत.

बरं वाटतंय, मग रक्त का काढत राहायचं?

कारण पोट शांत आणि आतडं शांत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, क्रोन्समध्ये तर फारच. २०१७ साली काम (CALM) नावाची एक ट्रायल छापून आली, क्रोन्सचे २४४ पेशंट होते. निम्म्यांचं औषध मुख्यतः लक्षणं बघून वाढवलं, निम्म्यांचं लक्षणांसोबत सीआरपी आणि कॅलप्रोटेक्टिन बघून. ४८ आठवड्यांनी दुर्बीण घातली तेव्हा लक्षणांवर चाललेल्या गटात ३० टक्क्यांच्या जखमा भरलेल्या होत्या, आकड्यांवर नजर ठेवलेल्या गटात ४६ टक्क्यांच्या. औषधं तीच, फक्त वेळेवर बदलली.

किती वेळा करायचं हे डॉक्टर ठरवतात. आजार शांत असेल तर बरेच जण ३ ते ६ महिन्यांनी सांगतात, औषध नवीन असेल किंवा बदललं असेल तर लवकर. आमच्याकडचे लोक चतुर्थीला येणाऱ्या चाकरमानी मुलाची सुट्टी बघून टेस्ट करतात, ते पण चालेल, पण मग वर्षातून एकदाच नको.

ॲझाथायोप्रिन चालू केलंय, दर आठवड्याला रक्त काढायला बोलावतात. एवढी गरज आहे का?

आहे. हे औषध काही जणांच्या पांढऱ्या पेशी एकदम पाडतं, बाहेरून काही कळत नाही आणि मग साधा ताप जिवावर बेततो. सुरुवातीचे आठवडे सीबीसी आणि लिव्हरच्या टेस्ट जवळजवळ, नंतर महिन्याने, मग साधारण ३ महिन्यांनी. याचं एक कारण जीन्समध्ये आहे. युरोपातल्या लोकांत टीपीएमटी जीन बघतात, आपल्याकडे म्हणजे आशियातल्या लोकांत एनयूडीटी१५ जास्त महत्त्वाचा. औषध चालू करण्याआधी एकदाच करायची टेस्ट आहे, जमत असेल तर डॉक्टरांना विचारा. ती नॉर्मल आली तरी सीबीसी चुकवायचं नाही. घाटात दरड कोसळली, एसटी बंद, तर जवळच्या ग्रामीण रुग्णालयात सीबीसी करा पण करा. अचानक केस गळायला लागले तर ते पण सांगा.

मेसालामिन (कोलायटिसची सूज कमी करणारं औषध) घेणाऱ्यांनी वर्षातून एकदा तरी क्रिएटिनिन बघायचं, किडनीसाठी. आणि प्रेडनिसोलोन चालू असताना पांढऱ्या पेशी १३-१४ हजार आल्या तर घाबरायच्या आधी डॉक्टरांना स्टेरॉइडचं नाव सांगा, ते औषध स्वतःच त्या वाढवतं.

बायोलॉजिक इंजेक्शनची लेव्हल म्हणजे काय?

इन्फ्लिक्सिमॅब किंवा ॲडॅलिमुमॅब काही महिन्यांनी काम करेनासं झालं तर कारण शोधायची ही टेस्ट. पुढचा डोस द्यायच्या अगदी आधी रक्त घ्यायचं, डोस झाल्यावर घेतलेलं फुकट जातं, हे कलेक्शनवाल्याला स्वतः बजावून सांगा. इन्फ्लिक्सिमॅबची पातळी ५ मायक्रोग्रॅम पर मिलीच्या वर असावी असं साधारण धरतात. पातळी कमी आणि औषधाविरुद्ध अँटिबॉडी नाहीत, तर डोस वाढवून किंवा जवळ आणून काम होऊ शकतं. पातळी कमी आणि अँटिबॉडी भरपूर, तर शरीराने ते औषध नाकारलंय, बदलावं लागतं. पातळी चांगली तरी आजार चालू, तर वेगळ्या जातीचं औषध. आणि ही औषधं सुरू करण्याआधी टीबी आणि हिपॅटायटिस बी ची तपासणी झालीच पाहिजे. स्टेरॉइड चालू असताना इग्राचा निकाल नीट येत नाही कधीकधी, म्हणून ती टेस्ट शक्यतो आधी उरकावी.

उपाशी पोटी यायचं का?

सीबीसी, ईएसआर, सीआरपीला गरज नाही, पेज पिऊन या. लोहाच्या टेस्ट असतील तर सकाळी उपाशी बरं, आणि लोहाची गोळी त्या दिवशी आधी घेऊ नका.

गरोदर आहे, रिपोर्टवर विश्वास ठेवू का?

ईएसआर बाजूला ठेवा, ते वाढणारच. हिमोग्लोबिन आणि अल्ब्युमिन आपोआप थोडं उतरतं. सीआरपीही थोडं वर असू शकतं. कॅलप्रोटेक्टिन मात्र या दिवसांतही कामाचं राहतं. औषधं स्वतःच्या मनाने बंद करू नका, बाळाला जास्त धोका चालू असलेल्या आजाराचा असतो.

एका रक्ताच्या टेस्टवरून पुढे आजार किती वाढणार ते कळतं असं ऐकलं.

प्रयत्न चालू आहेत. इंग्लंडमध्ये १७ जीन्सची एक रक्ताची टेस्ट काढली होती, कोणाचा क्रोन्स जोरात जाईल ते सांगणारी. ती प्रोफाइल नावाच्या ट्रायलमध्ये ३८६ नवीन पेशंटवर तपासली, २०२४ मध्ये निकाल आला आणि औषध निवडायला त्या टेस्टचा उपयोग झाला नाही. पण त्यातून दुसरंच मोठं कळलं. निदान झाल्या झाल्या इन्फ्लिक्सिमॅब आणि सोबत दुसरं औषध दिलेल्यांपैकी ७९ टक्के वर्षभर स्टेरॉइड आणि ऑपरेशनशिवाय शांत राहिले, पायरी पायरीने औषध वाढवलेल्यांपैकी फक्त १५ टक्के. जपानमध्ये एलआरजी नावाचं प्रोटीन वापरतात, ज्यांचं सीआरपी हलत नाही त्यांच्यात ते हलू शकतं. आपल्या जिल्ह्यात आज हाताशी आहे ते सीबीसी, सीआरपी, फेरिटिन, अल्ब्युमिन, आणि तेच नीट वापरलं तर खूप होतं.

रात्री खूप रक्त जायला लागलं तर सकाळी लॅब उघडेपर्यंत थांबू का?

थांबू नका. दिवसात ६ किंवा जास्त वेळा रक्ताची संडास आणि त्यासोबत नाडी ९० च्या वर, किंवा ताप ३७.८ सेल्सियसच्या वर, किंवा हिमोग्लोबिन साडेदहाच्या खाली, किंवा ईएसआर ३० च्या वर, यातलं एक जरी असेल तर तो गंभीर कोलायटिस धरतात. ही मोजमापं १९५५ सालची, ट्रूलव्ह आणि विट्स यांची, आणि अजून वापरात आहेत. नाडी आणि ताप तर घरीच मोजता येतात, त्याला लॅब लागत नाही. अशा पेशंटला ॲडमिट करून शिरेतून स्टेरॉइड देतात आणि तिसऱ्या दिवशी परत सीआरपी बघतात. तेव्हा ते ४५ च्या वर असेल आणि संडास अजून ३ ते ८ वेळा होत असेल, किंवा सीआरपी कितीही असो, संडास ८ च्या वर असेल, तर स्टेरॉइड पुरे पडत नाहीये असं समजून पुढचं औषध किंवा ऑपरेशन यांचा विचार तिथेच सुरू करतात. म्हणून जिथे पोटाचा सर्जन आहे अशा ठिकाणी पोचलेलं बरं, आपल्याकडचे बरेच जण बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजला नाहीतर कोल्हापूर, मुंबईला जातात. १०८ ला फोन करा, गाडी येईपर्यंत चालू औषधांच्या पट्ट्या एका पिशवीत टाका आणि वही वरती ठेवा. रात्रपाळीच्या डॉक्टरांनी तुम्हाला कधी पाहिलेलं नसतं, त्यांना पहिलं पान उघडून दाखवा.